सातव्या थरातली शिट्टी

सोमवार, ३ मार्च

आज आमच्या २९ तारखेच्या कार्यक्रमाचं पोस्टर लागलं. संग्रहालयाच्या फाटकावर, बसथांब्यावर, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याच्या दुकानाच्या काचेवरसुद्धा. वर टेकाडाचा फोटो, मध्ये मोठ्या अक्षरांत आमच्या वादकांच्या गटाचं नाव, ‘सातवा थर’, आणि खाली ‘संगीत’ म्हणून एकच नाव. कप्तानाचं.

तीनदा वाचलं. न्हावी आतून म्हणाला, “काय गं, स्वतःला शोधतेयस?” मी म्हटलं, “नाही, शुद्धलेखन तपासतेय.” घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ही वही खरं तर खापरांच्या नोंदींसाठी मिळाली होती. आजपासून हिच्यात दुसऱ्या नोंदी होतील. उद्या कुणी म्हणायला नको की मी उगाच डूख धरला. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

टेकाडाखाली जुनं गाव सापडलं त्याला चार वर्षं झाली. मी तिथल्या शेडमध्ये खापरं धुते. दात घासायचा ब्रश, बादली आणि दिवसाला दोन-तीनशे खापरं. म्हणून गटात मला खापरी म्हणतात. मागच्या वर्षी सातव्या थरात मातीची एक शिट्टी निघाली, तीन हजार वर्षांपूर्वीची, अंड्याएवढी, पोटाला तीन भोकं, म्हणजे सूर चार. तिच्यात अडकलेली माती मी काढली, सुईनं, दोन दिवस बसून. उत्खननाच्या मोठ्या बाईंनी मला तिची मापं घेऊ दिली. बाबांचा धंदा कुंड्या घडवायचा, त्यांनी त्या मापाच्या शिट्ट्या घडवल्या. पहिली खेप बारीक निघाली, कारण भाजल्यावर माती आवळते. दुसरी खेप बरोबर आली.

आणि त्या चार सुरांतून धून केली ती मी. खापरं घासता घासता एके दिवशी आपोआप तोंडात आली. पायऱ्या चढल्यासारखी चार सूर वर जाते, दोन खाली उतरते, दम खाते आणि पुन्हा चढते. कुठून आली ते मलाच ठाऊक नाही. देणगीच म्हणायची.

मग कप्तानानं तिला गिटार लावली, डब्यानं प्लास्टिकची पिंपं बडवली, मुंगीनं कॉम्प्युटरवर सगळं एकत्र बांधलं. आणि नाव कुणाचं? आयत्या बिळावर नागोबा.

मंगळवार, ४ मार्च

तालमीची खोली सायकलवाल्याच्या दुकानावर आहे. जिना चढतानाच ठरवलं होतं की ओरडायचं नाही.

“पोस्टर बघितलं,” मी म्हटलं.

“मस्त आलंय ना?” कप्तान म्हणाला. गिटारच्या तारा पिळत होता, वर बघितलंही नाही.

“धून माझी आहे.”

“अगं, चार नावं टाकली की एकही वाचलं जात नाही. एक टाकलं की लक्षात राहतं.”

“मग ते एक माझं टाकायचंस.”

“तुझं नाव कोणाला माहितीये?”

हे तो चिडून म्हणाला नाही. टाचणी टोचावी तसंही नाही. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाला. मुंगीनं स्क्रीनमध्ये डोकं घातलं. डब्याला एकदम तहान लागली.

बोलून टाकलं की राग निघून जातो. मला तो घालवायचा नव्हता.

शुक्रवार, ७ मार्च

मुख्य शिट्टीही गेली. ती मी वाजवायची हे डिसेंबरपासून ठरलेलं. आज कप्तान म्हणतो, “जो पुढे उभा राहतो त्यानंच वाजवलेली बरी दिसते. तू साथीची घे.” साथीची म्हणजे मधूनमधून दोन फुंका. कोंबडीसारख्या.

पण एक गंमत झाली. आमचा तुकडा अकरा मिनिटांचा आहे आणि मुख्य शिट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजते, थांबत नाही. चौथ्या मिनिटाला कप्तानाचं तोंड टोमॅटोसारखं झालं. सहाव्याला तो खिडकीपाशी जाऊन दम्याचा फवारा ओढत होता. डब्यानं पाठ चोळली. मी नाही.

रविवार, ९ मार्च

आज भट्टी उघडायची होती. बाबा मला बरोबर घेतात, कारण म्हणे भाजलेल्या मातीचा रंग मला त्यांच्यापेक्षा चांगला कळतो. खरं म्हणजे त्यांचे गुडघे दुखतात. एकेक कुंडी बाहेर काढायची, टिचकी मारायची. टण वाजली की पक्की. भट्टीच्या तोंडाजवळ, अगदी कडेला ठेवलेल्या एका वाडग्यानं नुसता ‘बद्द’ असा आवाज दिला. तिथे आच पोचत नाही. बाबांनी ते वाडगं बादलीत टाकलं. आमचा चहा पिऊन होईस्तोवर बादलीत चिखल.

“दिसायला पक्क्याची सख्खी बहीण,” बाबा म्हणाले. “पाणी लागलं की मग कळतं.”

“आपल्या भावकीसारखं,” आत्या म्हणाली. आत्या बाबांची मोठी बहीण, घर तिच्या जिभेवर चालतं.

ते दोघं हसले. मी बादलीकडे बघत होते. फुंक म्हणजे वाफ. थुंकी म्हणजे पाणी. आणि अकरा मिनिटं म्हणजे अकरा मिनिटं.

मग बाबा चाकावर बसले आणि त्यांचं ते हूं-हूं सुरू झालं. गोळा मधोमध बसेपर्यंत ते असेच घुमतात. चार पावलं वर, दोन खाली, थांबायचं, पुन्हा वर. जन्मापासून ऐकून कान किटलेत. मी आत जाऊन दार लावून घेतलं, नीट विचार करता यावा म्हणून.

मंगळवार, ११ मार्च

मोठ्या बाईंनी पाटीचा मजकूर दिला. कार्यक्रमासाठी बाबा नव्या दहा शिट्ट्या घडवताहेत, नंतर त्या संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात, मूळ शिट्टीच्या शेजारी राहणार आहेत. खाली पाटी, ‘प्रतिकृती’ आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव.

बाबांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग आत्याकडून एकदा. मग म्हणाले, “नावाचं पहिलं अक्षर जरा मोठं येईल का?”

मी म्हटलं, “बाबा, वीतभर पाटी आहे. ती कोण वाचतंय?”

ते “हो, तेही आहेच” म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

गुरुवार, १३ मार्च

कप्तान घरी आला होता, नव्या शिट्ट्यांची माती कशी आहे ते बघायला. मी अंगणात उभी राहून त्याला माती दाखवत होते आणि त्याचं लक्षच नाही. बाबा चाकावर घुमत होते, हा मान वाकडी करून तिकडे बघत उभा. पाच मिनिटं. मग मला विचारतो, “खापरी, ही धून तुझी ना?”

“हो.”

“नक्की?”

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्याच अंगणात, माझ्याच वडिलांसमोर मला विचारतो, नक्की का! त्या क्षणी जे काही थोडंफार मागेपुढे होत होतं तेही संपलं. माझं ठरलं.

शनिवार, १५ मार्च

आज भट्टी रचली. दहा शिट्ट्या मधल्या रांगेत, चांगल्या आचेत. दोन मी वेगळ्या घडवल्या होत्या, त्या भट्टीच्या तोंडाशी, एका मोठ्या कुंडीआड. बाबांनी विचारलं, “झालं सगळं?” मी म्हटलं, “झालं.”

कप्तानाला इजा काहीच होणार नाही. माती आहे, विष नाही. फक्त भर सभेत, मोठ्या बाईंसमोर, त्याच्या तोंडातला सूर आधी बसेल आणि मग मरेल. ज्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहायचं होतं त्याचं नाव लक्षात राहील. त्याचीच इच्छा.

सोमवार, १७ मार्च

भट्टी मीच उघडली. बाबांचे गुडघे आज जास्तच दुखत होते.

दहाही टण वाजल्या. त्या दोघी बद्द. दिसायला सख्ख्या बहिणी, अगदी. वरून मुंगीनं सांगितलंय की मूळ शिट्टीसारखा सगळ्यांना काळा रंग द्या. म्हणजे जो काही फरक दिसत होता तोही झाकला. देव माझ्या बाजूनं आहे, नाहीतर निदान मुंगी तरी.

दोघींपैकी एक मी टेकाडामागे नेऊन वाजवून बघितली, घड्याळ लावून. पाच मिनिटं इतकी गोड वाजली की मलाच वाईट वाटलं. सहाव्याला घसा बसल्यासारखी. सातव्याला फुंकायच्या फटीची कड जिभेला मऊ लागायला लागली, लोण्यासारखी. आठव्याला नुसता वारा. तोंडात माती आली, ती थुंकले आणि हसले. एकटीच.

शुक्रवार, २१ मार्च

बाबांचं काहीतरी बिनसलंय. रोज संध्याकाळी “माती बघून येतो” म्हणून जातात आणि येतात ते हात स्वच्छ. परवा बाजारातून नवा शर्ट आणला, फिकट निळा, कडक इस्त्रीचा. दुपारी भट्टीमागून शिट्टीचा आवाज येतो. विचारलं तर म्हणाले, “खेप तपासतोय.” आत्या तोंडाला पदर लावून खोकते. तिला खोकला वगैरे काही नाही.

शर्ट बघून मी त्यांना म्हटलं, “कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसू नका हं. पुढे बाईंचे पाहुणे असतात. बोलायला लागतं त्यांच्याशी.” बाबा “बरं” म्हणाले.

तिकडे कप्तान मुख्य शिट्टीची तालीम आमच्यासमोर करेनासा झालाय. “ती मी वेगळी बघतो,” म्हणतो. लाज वाटत असेल धापांची. मीही सांगून टाकलंय की मुख्य शिट्टी मी कार्यक्रमाच्या दिवशीच आणून देईन, आधीपासून हाताळली की सूर उतरतो. सगळ्यांना पटलं. मातीतलं मला कळतं ना.

गुरुवार, २७ मार्च

दोन दिवस जेवण जात नाही. खरं लिहायचं ठरलंय तर लिहिते, काल मी ती कच्ची शिट्टी फोडायला दगड उचलला होता. वाटलं, डबा आणि मुंगीनं काय घोडं मारलंय? त्यांचाही कार्यक्रम आहे. आत्या म्हणालीच, “तुझा चेहरा असा का, कुणाचं वाईट करायला निघाल्यासारखा?” तिला कसं कळतं कोण जाणे.

दगड खाली ठेवला होता. आणि आज पेपरात कप्तानाची मुलाखत. फोटोसकट. प्रश्न, ही विलक्षण धून तुम्हाला कशी सुचली? उत्तर, “ते मी कार्यक्रमातच सांगेन.”

म्हणजे गोष्टसुद्धा रचून तयार आहे! टेकाडावर एकटा बसलो होतो, वारा आला, पूर्वजांनी कानात सांगितलं, असलं काहीतरी ऐकवणार आणि लोक टाळ्या वाजवणार. सांग बाबा, सांग. आधी सांग आणि मग वाजव. त्याच क्रमानं होऊ दे.

शिट्टी कापसात गुंडाळून ठेवली आहे.

रविवार, ३० मार्च

काल कार्यक्रमानंतर लिहायला बसलेच नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

मंच टेकाडाच्या पायथ्याशी होता. ऊन कलायचं होतं अजून. खुर्च्या भरून लोक मागे उभे होते. मुख्य शिट्टी मी माझ्या हातानं टेबलावर ठेवली. मुंगीनं तिच्या पोटाशी छोटा माइक काळ्या पट्टीनं चिकटवला, चार फुंका मारून बघितल्या आणि मला अंगठा दाखवला. माझी जागा डावीकडे. तिथून मुख्य वाजवणाऱ्याचं तोंड नीट दिसतं. ती जागा मी मागून घेतली होती.

कप्तान बोलायला उभा राहिला. म्हणाला, “पोस्टरवर संगीत म्हणून माझं नाव आहे. ते चुकीचं आहे.”

वाटलं, आता माझं नाव घेतो. आणि खरं सांगते, त्या एका क्षणात मी त्याला सगळं माफ केलं. टेबलावरची शिट्टी कशी बदलायची याचा विचारही सुरू केला.

“मला वाटत होतं ही धून खापरीची आहे,” तो म्हणाला. “तिलाही तसंच वाटतं. पण शिट्ट्या बघायला मी तिच्या घरी गेलो आणि ती मला चाकावर ऐकू आली. ज्यांची धून आहे तेच आज ती वाजवणार आहेत. माझ्या फुप्फुसांना एवढं झेपतही नाही.” लोक हसले.

आणि मंचामागच्या पायऱ्यांवरून बाबा वर आले. निळ्या शर्टात, केस पाण्यानं चापून बसवलेले. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या, लहानपणी पाठीमागे काहीतरी लपवून आणायचे तेव्हा उडवायचे तशा.

मी उठू शकत होते. शिट्टी पडल्याचं नाटक करू शकत होते. माझ्या हातातली पक्की होती, ती देऊ शकत होते. उठले नाही. उठले असते तर का उठलीस हे सांगावं लागलं असतं. डब्यानं पहिली थाप मारली आणि बाबांनी शिट्टी तोंडाला लावली.

चार वर. दोन खाली. थांबले. पुन्हा वर.

मी ती बावीस वर्षं ऐकली आहे. पाळण्यात ऐकली असेल. कान किटलेत म्हणून दार लावून घेतलं आणि त्याच दाराआड बसून माझी, माझी म्हणत ह्या वहीची पानं भरली. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बाबा कप्तानापेक्षा, माझ्यापेक्षा, कुणाहीपेक्षा सुंदर वाजवत होते. पाच मिनिटं सगळं टेकाड गप्प होतं. मोठ्या बाई मान खाली घालून ऐकत होत्या. मी मिनिटं मोजत होते. माझ्याशिवाय तिथे कुणीच मोजत नव्हतं.

सहाव्याला घसा बसला. बाबांनी शिट्टी ओठांत जरा फिरवली, फुंक हलकी केली, वाचवू बघितली. सातव्याला त्यांची जीभ त्या कडेला लागली. मला दिसलं. चाळीस वर्षं माती हाताळलेला माणूस. त्यांना माती तोंडात काय सांगत होती ते मला तिथून ऐकू येत होतं. त्यांनी लोकांकडे बघितलं नाही. कप्तानाकडे नाही. डोळे सरळ माझ्याकडे वळले आणि तिथेच राहिले, आणि ते फुंकत राहिले.

आठव्याला नुसता वारा. मागच्या बाजूला कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. हशा पिकला.

बाबांनी शिट्टी टेबलावर ठेवली. माइक चालूच होता. म्हणाले, “भाजायला कमी पडली. चूक माझी आहे.” आणि कठडा धरून, एक एक पायरी, खाली उतरले. कप्तानानं गिटारवर धून उचलून कशीतरी शेवटाला नेली.

उट्टं काढायचं होतं, ते निघालं.

सोमवार, ३१ मार्च

शेडमध्ये मोठ्या बाईंनी बोलावलं. दहा शिट्ट्यांची पेटी माझ्या हातात दिली. “वडिलांना म्हणावं, निवांत तपासून बघा. तोवर पाटी थांबवते.” तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते त्या बोलल्या नाहीत. त्यांचा आवाज मऊ होता. चांगली माणसं मऊ आवाजातच दार लावतात.

मी तिथेच सांगू शकले असते. सांगितलं नाही. पेटी घेऊन घरी आले, बाबांच्या हातात दिली. बाईंचा निरोप दिला. बाबांनी खिशातला पाटीचा कागद काढून चुलीत टाकला.

दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. ओरडत नाहीत, रुसलेले नाहीत. आत्याशी बोलतात, न्हाव्याशी बोलतात. मी समोर आले की भिंतीकडे बघावं तसं बघतात. मला वाटायचं डूख धरणं मी कुठून शिकले. आता कळलं.

बुधवार, २ एप्रिल

सकाळी फट्‌ असा आवाज आला म्हणून अंगणात आले. बाबा पाटावर बसलेले. पुढ्यात पेटी, हातात दगड. एक शिट्टी फुटलेली. मी बघतेय तोवर दुसरी.

“बाबा, काय करताय! त्या पक्क्या आहेत.”

“कशावरून?”

चार दिवसांतला पहिला शब्द.

“टिचकी मारून बघा ना.”

“टिचक्या तूच मारल्या होत्यास. तीही पास केली होतीस.” त्यांनी तिसरी उचलली. “नाव गेलं ते गेलं. आता एकही कच्ची माझ्या घरातून बाहेर जायची नाही. कोणती कच्ची, कोणती पक्की, मला काय ठाऊक.”

“कच्ची एकच होती.”

“कशावरून?”

दगड वर उचललेला तसाच होता. आत्या दारात येऊन उभी राहिली. मला दुसरं काही सुचलं नाही, दुसरं काही नव्हतंच.

“कारण ती मी ठेवली होती. भट्टीच्या तोंडाशी. मुद्दाम.”

“कुणासाठी?”

“कप्तानासाठी.”

बाबांनी दगड खाली ठेवला. बराच वेळ हातातली शिट्टी उलटीसुलटी करून बघितली. मला वाटलं, आता मारतात. तसं झालं असतं तर मी उभी राहून मार खाल्ला असता.

“आठ राहिल्या,” ते म्हणाले. “आठही पक्क्या म्हणतेस?”

“हो.”

“मग फुंक. एकेक. अकरा अकरा मिनिटं. मी घड्याळ धरतो. निघाल्या पक्क्या, तर उद्या पेटी घेऊन तू जायचंस. मी चूक माझी म्हणून सांगून बसलोय, मी शब्द फिरवणार नाही. बाईंना काय सांगायचं ते तुझं तू.”

पहिली वाजवली. ती धून सोडून दुसरं काही वाजवायला जात होते तर म्हणाले, “तीच. त्या दिवशी तीच होती.” त्यांच्यासमोर त्यांची धून वाजवायची, चार वर, दोन खाली, पुन्हा पुन्हा, आणि ते डोळे घड्याळाला लावून बसलेले, चेहऱ्यावर काही नाही. पाचव्या मिनिटाला मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सुडाला महिना लागला. ह्यांना एक पाट आणि एक घड्याळ पुरलं. आत्या पाणी घेऊन आली तर बाबा म्हणाले, “नंतर.”

“अरे, पोरीचे ओठ बघ,” आत्या म्हणाली.

“माझेही होते,” बाबा म्हणाले.

पहिली पक्की. दुसरी पक्की. तिसरीला मी नवव्या मिनिटात होते, खालचा ओठ फुटला होता, तेव्हा फाटक वाजलं आणि कप्तान आत आला. सायकल भिंतीला टेकवली. चेहरा उतरलेला. मला बघून थबकला, मग सरळ बाबांसमोर येऊन उकिडवा बसला.

“काका, मी परवापासून यायचं म्हणतोय. माझ्यामुळे झालं सगळं. मला दम असता तर तुम्हाला वर यावंच लागलं नसतं. मी बाईंना जाऊन तसं सांगतो. शिट्टी मी कार्यक्रमाआधी पाण्यात टाकली होती असं सांगतो. कुणाचं काय जातंय?”

बाबांनी घड्याळावरून नजर काढली नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन मिनिटं राहिली होती. दोन मिनिटं फुंकत राहिले असते तर तो उठून गेला असता, बाईंना खोटं सांगून आला असता, आणि ज्याच्यावर मी उट्टं काढायला निघाले होते त्यानं ते आपण होऊन अंगावर घेतलं असतं. महिन्याभरापूर्वी मी ह्याहून चांगलं काही मागितलं नसतं.

मी शिट्टी तोंडातून काढली. “ती कच्ची होती. मी ठेवली होती. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी?” त्यानं फुटलेल्या तुकड्यांकडे बघितलं, मग माझ्या ओठाकडे. “पोस्टरवरून?”

“पोस्टरवरून.”

तो म्हणाला, “जागा होती पोस्टरवर. नाव मी मुद्दामच टाकलं नव्हतं.”

“माहितीये मला.”

त्याला माफ केलं असं लिहिणार नाही. तोही माफ करायला आला नव्हता.

बाबांनी घड्याळ मांडीवर ठेवलं.

“नवव्या मिनिटाला थांबलीस,” ते म्हणाले. “ही धरायची नाही. पुन्हा पहिल्यापासून.”

कप्तान एका उलट्या कुंडीवर बसला. मी ओठ पुसला आणि शिट्टी पुन्हा तोंडाला लावली.